तुम्ही विचारलंत म्हणून: डोनाल्ड डक नाझी होता का?

दंडावर नाझी पट्टी बांधून सलाम ठोकणारा डोनाल्ड डक. हे चित्र फिरत राहतं आणि त्याच्यामागून दरवेळी तोच प्रश्न येतो: हे खरं आहे का? डिस्ने हिटलरच्या बाजूचा होता का? चित्र खरं आहे. त्यावरून काढलेला अर्थ मात्र साफ उलटा आहे.

ते 'डेर फ्यूरर्स फेस' या साधारण आठ मिनिटांच्या अ‍ॅनिमेशनपटातलं आहे. दिग्दर्शक जॅक किनी. १ जानेवारी १९४३ ला तो अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि त्याला ऑस्करही मिळालं. गोष्ट नाझी राज्यातल्या एका कामगाराच्या, म्हणजे डोनाल्डच्या, दिवसाची आहे. बँडचा ढणढणाट त्याला झोपेतून उठवतो. घराबाहेर झाडं आणि ढगसुद्धा नाझी चिन्हाच्या आकाराचे. न्याहारीला कॉफीचा एकच दाणा. दोऱ्याला बांधून पाण्यात बुचकळायचा आणि पुन्हा लपवून ठेवायचा. पाव इतका शिळा की करवतीने कापावा लागतो. मग कारखाना. सरकत्या पट्ट्यावरून तोफगोळे येतात, त्यांची टोपणं फिरवून बसवायची. मध्येच हिटलरची तसबीर येते, तिला सलाम करायचा.

सगळा उपहास या पट्ट्यावर आहे. टोपण बसवायला हात हवा, सलामालाही तोच हात हवा. गोळे कधी चिमुकले, कधी डोनाल्डपेक्षा मोठे, आणि वेग वाढतच जातो. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे फिल्मवरची स्थिर छायाचित्रं, जातात. संगीताचा ठोका १२ फ्रेमवर धरला तर सेकंदाला दोन ठोके पडतात. ८ वर आणला की तीन. हालचाल आधी ठोक्यांवर मोजून घेतात आणि मग चित्रं काढतात. हा हिशोब चुकला तर नुसती धावपळ दिसते, हसू येत नाही. इथे तो अचूक आहे, म्हणून हसता हसता आपलाही जीव गुदमरतो.

हा पट लढाईऐवजी कारखाना का दाखवतो, याचं उत्तरही हिशोबातच आहे. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. म्हणजे आठ मिनिटं सतत पडद्यावर असलेल्या एकाच पात्राची ५,७६० चित्रं, शिवाय रंगकाम आणि छायाचित्रण. यात महिने जातात, तोवर आजची बातमी शिळी होते. भूक, गोंगाट, सक्तीचा सलाम हे शिळं होत नाही.

मेहनत वाचवायला जुनी चित्रंही पुन्हा वापरली जात. 'द थ्रिफ्टी पिग' (१९४१) हा पट डिस्नेने कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डासाठी केला. लांडग्यापासून वाचायला घरं बांधणाऱ्या तीन डुकरांच्या १९३३ च्या पटातलाच लांडगा घेतला, त्याला नाझी टोपी आणि पट्टी चढवली, आणि शहाण्या डुकराच्या घराच्या विटा केल्या युद्धबचत प्रमाणपत्रांच्या, म्हणजे युद्धखर्चासाठी लोकांनी सरकारला पैसे उसने द्यायच्या कागदांच्या. प्रमाणपत्रं विका, एवढंच काम. ते तो चोख करतो.

पण 'डेर फ्यूरर्स फेस' निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. त्यात जर्मन सत्तेची खिल्ली उडते आणि तिच्याखाली भरडला जातो तो आपला लाडका डोनाल्ड. बँडमधला जपानी वादक मात्र नुसते दात आणि तिरके डोळे आहे. तिथे चेहरा हाच विनोद केलाय. त्याच अमेरिकेत १९४२ पासून जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत कोंडलं गेलं. त्यांतले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक होते. ही अर्कचित्रं बघताना मला ते विसरता येत नाही. शत्रूचं असं अर्कचित्र जपाननेही केलं. 'मोमोतारो: समुद्राचे दैवी सैनिक' या १९४५ च्या ७४ मिनिटांच्या पटात ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या डोक्यावर राक्षसाचं शिंग आहे.

तेव्हा असं चित्र हाती आलं की आधी साल शोधा. मग पैसे कुणाचे आणि प्रेक्षक कोण, ते बघा. मिकी आणि डोनाल्ड घरांवर बाँब टाकताना दिसले तर तो बहुधा 'निंबस लिबेरे' असेल. जर्मनव्याप्त फ्रान्समधला १९४४ चा हा प्रचारपट दोस्तराष्ट्रांविरुद्ध आहे; त्यातली अमेरिकन पात्रं उसनी घेतलेली आहेत. शेवटी, पट मिळाला तर अखेरचं मिनिट नक्की बघा. फसगत तिथेच होते, कारण चित्र कापून घेणारा ते मिनिट वगळतो.

'डेर फ्यूरर्स फेस'च्या त्या मिनिटात डोनाल्ड आपल्या खोलीत जागा होतो. सगळं स्वप्न होतं. भिंतीवर उंचावलेल्या हाताची सावली दिसते आणि सवयीने तो सलामासाठी हात उचलू लागतो. मग त्याला खिडकीतली मूर्ती दिसते: हात वर करून उभी असलेली, छोटीशी स्वातंत्र्यदेवता.