एक नंबरची पेटी

गेल्या रविवारचं काम अजून डोक्यातून जात नाही. काम म्हटलं तर किरकोळ. चिपळुणात एका काकांच्या घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये हत्यारांची मांडणी करून द्यायची होती. मी आयटीआयचा फिटर. चौदा वर्षं पिंपरी-चिंचवडला एका कारखान्याच्या टूल रूममध्ये काढली आणि मग गावाकडे येऊन फॅब्रिकेशन आणि सुतारकाम असं दोन्ही सुरू केलं. टूल रूममध्ये असताना फाइव्ह एसचं, म्हणजे कामाची जागा निवडून, मांडून, नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचं भूत अंगात शिरलं, ते काही उतरलं नाही. कंपनीत त्याची पोस्टर भिंतीभर आणि रिंग पाना मात्र कुणाच्या तरी खिशात, असा प्रकार असायचा. घरगुती गॅरेजमध्ये निदान मालक एकच असतो, म्हणून मला ही कामं आवडतात.

अशा कामांत माझा अर्धा वेळ लोकांनी आधीच करून ठेवलेलं निस्तरण्यात जातो. मोबाइलवर परदेशी गॅरेजचे व्हिडिओ बघायचे, भोकाभोकांचा एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा, बोर्ड मागवायचा आणि भिंतीला ठोकायचा. कोकणात तो ऑगस्टपर्यंत टिकला तर नशीब. पापडासारखा फुगतो, भोकं सैल होतात आणि एक दिवस हातोडी पायावर पडते. दुसरी हौस फोमची. खणात फोम घालून प्रत्येक पान्याच्या आकाराचा खळगा कापायचा. दिसतो झकास, पण स्वस्तातला फोम स्पंजासारखा दमट हवा धरून ठेवतो आणि पाना ज्या बाजूने टेकलेला असतो तिथेच गंज धरतो. त्यापेक्षा आमच्या आजोबांची पद्धत बरी होती. तेलाचं फडकं आणि पेटीत कापराची वडी.

काकांकडे यातलं काहीच नव्हतं. एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून आयुष्य गेलेला माणूस, वय ७१. आत शिरल्या शिरल्या त्यांनी मला भिंत दाखवली. ऑइलपेंटने ओढलेली आडवी रेघ, तिच्यावर २२-७-२१, महापुराची तारीख. फरशीपासून टेप लावला तर ५५ इंच. गावात निळ्या आणि लाल पूररेषेवरून बराच वाद झालाय. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. काका म्हणाले, "त्यांच्या रेषा त्यांच्यापाशी. ही माझी. हिच्या वर काय करायचं ते कर."

त्या दिवशी आगाराचे व्यवस्थापक रोकड घेऊन कित्येक तास एसटीच्या टपावर बसून होते, हे सगळ्यांनी पेपरात वाचलंय. काका तेव्हा रिटायर झालेले, पण हे सांगताना आवाज असा की जणू तेच टपावर होते.

सकाळचे तीन तास निवडानिवडीत गेले. अंगणात ताडपत्री पसरून सगळं बाहेर काढलं. दुतोंडी पान्यांचे तीन सेट निघाले. सेटमध्ये सहा-सातपासून तीस-बत्तीसपर्यंत बारा नग असतात. तीनपैकी दोन सेटमध्ये १२-१३ नव्हता. सगळीकडे हाच हरवतो, कारण हाच सगळ्यात जास्त लागतो. जुन्या ब्रिटिश मापाचे पाने होते. कानशींचा तर ढीग होता. रंधे, पटाश्या, गुण्या, ओळंबा ही त्यांच्या वडिलांची.

या निवडीत मी लाल चिठ्ठी लावतो. कारखान्यातली सवय. एखादी वस्तू कामाची दिसली नाही की तिला लाल कागद बांधायचा, त्यावर एकच प्रश्न: वर्षभरात वापरली का? नसेल तर निर्णय मालकाचा. अकरा चिठ्ठ्या बांधल्या. मोडका हँड ड्रिल, वाळलेल्या रंगाचे डबे, पितळी स्टोव्ह, असंच काय काय. जुन्या चादरीत गुंडाळलेलं शिलाई मशीनचं नुसतं डोकं होतं, खाली टेबल नाही, पायटा नाही. त्यालाही एक चिठ्ठी बांधली. बेंचवर मध्येच बसलं होतं ते. ओतीव लोखंडाचं, बारा-तेरा किलोचं. मी ते तीनदा उचलून तीन जागी ठेवलं आणि तिन्ही वेळा मनात वैतागलो.

भिंत जांभ्याची. शहरातून आलेले कारागीर इथेच फसतात. हॅमरवर ड्रिल लावलं की जांभा आतून भुगा होतो, दहाचं भोक सोळाचं होतं आणि प्लग नुसता गरगर फिरतो. मी हॅमर बंद ठेवून साध्या फिरकीवर भोक पाडतो, भुगा फुंकून काढतो, जाळीची नळी घालतो, तिच्यात केमिकल अँकर, म्हणजे सुकून दगडासारखं होणारं मिश्रण, भरतो आणि रॉड बसवतो. जांभ्याच्या पोकळ्यांत ते मिश्रण शिरून घट्ट होतं. मग त्या रॉडला लटकलं तरी हलत नाही. मी लटकून दाखवलं. काकांनी वर बघितलं, काही बोलले नाहीत. मेकॅनिक माणसाने काही न बोलणं ही मी दाद समजतो.

रॉडवर मरीन प्लायच्या, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या, आडव्या पट्ट्या बसवल्या, वरची कड ४५ अंशात कापलेली. पेटीच्या पाठीला तशीच पट्टी उलटी. पेटी वरून टेकवली की स्वतःच्या वजनानेच घट्ट बसते, वर उचलली की सुटते. खिळा नाही, कडी नाही. पट्ट्यांच्या दोन रांगा केल्या. एक कमरेच्या उंचीवर, रोजच्या कामाला. दुसरी रेघेच्या वर पाच इंच, पावसाळ्याला. पाणी येतंय असं कळलं की पेट्या खालून वर न्यायच्या.

इथे आमचं वाजलं. जड वस्तू खाली आणि हलकी वर, हा माझा पहिला धडा. काका म्हणाले, पाण्याला वजन कळत नाही. मग आत जाऊन एक कानस घेऊन आले. पुरातली, तांबडी, दाते चाटून गेलेले. "ही धू, घास, तेलात बुडव, काही कर. मेली. तो शेगडा (व्हाइस) बघ, एक दिवस पाण्यात होता. डिझेलने धुतला, ग्रीस लावलं, परत कामाला लागला. घण, हातोड्या, पाने, यांना काय होतंय? पटाशीला परत धार लागते. कानशीला नाही."

चौदा वर्षं टूल रूममध्ये होतो मी. हत्यारं किमतीप्रमाणे लावली, मापाप्रमाणे लावली, वापराप्रमाणे लावली. पाण्याने मरतात त्या क्रमाने कधी लावली नव्हती. मग आम्ही दोघांनी बसून यादी केली. एक नंबरच्या पेटीत कानशी. दोनमध्ये व्हर्नियर आणि मायक्रोमीटर, ही बारीक मापाची हत्यारं. तीनमध्ये आटे पाडायचे टॅप आणि डाय, ड्रिलची पाती. चारमध्ये टॉर्क रेंच, म्हणजे मोजून जोर लावायचा पाना, कारण आतली स्प्रिंग गंजली की त्याचा आकडा खोटा बोलतो. पाचमध्ये सॉकेट, सहामध्ये रंधे. शेगडा आणि घण खालीच, बुडाले तर बुडू देत. माझाही धडा शाबूत राहिला, त्यांचाही.

चार वाजता काका म्हणाले, आता तालीम करू. मेन स्विच पाडला, शटर ओढलं. "त्या दिवशी पहाटे पाणी आलं, लाइट गेलेली. अंधारातच करायला लागतं." एक ते चार पेट्या त्यांनी व्यवस्थित वर टेकवल्या. पाचवी छातीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. सॉकेटचे दोन्ही सेट मी एकाच पेटीत भरले होते, दिसायला छान दिसतात म्हणून. वजन काट्यावर घातलंच नव्हतं. ७१ वर्षांचा माणूस अंधारात ती पेटी खांद्याच्या वर नेणार होता. मी हात घातला आणि खाली घेतली. नंतर तोलली तर साडेचौदा किलो. तिच्या दोन पेट्या केल्या. ही चूक सांगायला लाज वाटते, पण आहे ती आहे.

स्विच चालू केला तर दारात काकू चहा घेऊन उभ्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांनी भिंत नीट पाहिली. नंबर वाचले. मग बेंचपाशी जाऊन चादर बाजूला केली आणि माझी चिठ्ठी हातात घेऊन वाचली. वर्षभरात वापरली का?

"नाही वापरलं," म्हणाल्या. "टेबलाचं प्लाय सुटलं पाण्याने. यांनी डोकं सगळं खोलून, तेलपाणी करून चालू केलंय. टेबल काही झालं नाही."

मी म्हटलं, काकू, मला माहीत नव्हतं.

"तुला कसं माहीत असणार? त्या पहाटे मी स्टुलावर उभी राहून यांच्या पेट्या माळ्यावर देत होते. मशीन आत खोलीत होतं."

काका चहात बघत होते. मी विचारलं तेव्हा कळलं, चाळीस वर्षं ब्लाउज शिवले त्या मशीनवर.

टेबल करणं हे माझंच काम. सकाळपासून सुताराचं हत्यार घेऊन मी त्या मशीनला वळसे घालत होतो. तिथल्या तिथे कबूल केलं, मरीन प्लायचं टेबल करतो, पैसे नकोत. काकू म्हणाल्या, पैसे घे, पण डोकं वर ठेवायची सोय कर. मग मी टेप काढला. त्यांच्या कोपराची उंची भरली ३८ इंच. त्याच्या वर बारा-तेरा किलो त्या नेऊ शकत नाहीत. रेघ ५५ इंचांवर. म्हणजे त्यांना झेपेल ती उंची पाण्यात, आणि कोरडी उंची त्यांच्या हाताबाहेर.

काकांनी लगेच कप्पी सुचवली, एक छताच्या हुकाला, एक मशीनला आणि दोरी. हिशोबाने ओढ निम्मी होते, सहा-सात किलो. काकू ओढू शकतील. दोरी अडकवायला खुंटीही काढता येईल. कागदावर सगळं जमतं. पण काकूंनी एवढंच विचारलं, "मी दोरी ओढत असताना पेट्या कोण देणार?" अंधार, गुडघ्याएवढं पाणी आणि माणसं दोन. पहिली दहा मिनिटं कशाची, हे ठरवायला हवं.

काका म्हणाले, एक नंबर कानशी, ठरलंय ते. काकू काहीच बोलल्या नाहीत, कप उचलून आत गेल्या.

टेबल आता माझ्याकडे तयार आहे, पॉलिशचा दुसरा हात बाकी. कप्पी आणली. पेट्यांना नंबरांच्या पट्ट्या चिकटवल्या, दोनपासून सातपर्यंत. एकची पट्टी खिशात घेऊन आलो.