फिटनेस तपासणीला गाडी नेण्याआधी

केंद्र निवडताना फक्त अंतर पाहू नका. ते परिवहन खात्याच्या अधिकृत यादीत आहे का आणि तुमच्या गाडीचा वर्ग तिथे तपासतात का, हे आधी बघा. जड वाहनांची सोय सगळीकडे नसते.

खरी काळजी ब्रेकची घ्या. चाकं फिरवणाऱ्या रोलरवर प्रत्येक चाकाची ब्रेकची ताकद वेगळी मोजतात. रस्त्यावर गाडी सरळ थांबते म्हणून आपण निर्धास्त असतो, पण एकाच अ‍ॅक्सलच्या डाव्या-उजव्या चाकांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक आला की गाडी नापास. कारण बऱ्याचदा साधंच निघतं: कॅलिपरची (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या भागाची) पिन जाम झालेली असते किंवा व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) गळून ब्रेक ऑइल लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या थरावर, आलेलं असतं. असा लायनर पुसून भागत नाही. गळती काढा आणि दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदला.

कारच्या टायरच्या खाचांत तळाशी १.६ मिमी उंचीचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बाद. आतल्या कडेवरून हात फिरवाच. चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे त्यांचा ठरलेला कोन, बिघडलं की अनेकदा तीच आधी झिजते, आणि बाहेरून काही कळत नाही.

धुराच्या चाचणीला थंड इंजिन नेऊ नका. १५-२० मिनिटं गाडी चालवून मगच रांगेत लावा. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट काम करत नाही.