काळी चार

त्या घरातला पियानो अर्धा स्वर खाली ठेवला होता तो मीच. २०१९ च्या ऑक्टोबरात. त्यातून काय झालं हे मला कळायला साडेपाच वर्षं लागली, आणि ते कळलं एका दहा वर्षांच्या मुलीकडून.

माझं मुख्य काम पेटीचं. सूर लावणं, भाता बदलणं, पट्ट्या बसवणं. वडीलही हेच करत. पियानो त्यांनी पुण्यात एका गोव्याच्या ट्यूनरच्या हाताखाली शिकून घेतला, कारण मिरजेच्या मिशनच्या बंगल्यांत आणि चर्चमध्ये तेव्हा पियानो होते आणि ते लावायला सांगली-मिरजेत कोणी नव्हतं. त्यांच्या मागे ती कामं माझ्याकडे आली. असाच बंगल्यातून विकत घेतलेला एक जुना अपराइट, म्हणजे उभा पियानो, सांगलीच्या गावभागातल्या एका वाड्यात माडीवर आहे.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. गावभागाचं काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. माडीवर असल्यामुळे पियानो भिजला नाही, पण खाली आठवडाभर पाणी उभं आणि वर ती कोंदट हवा. ऑक्टोबरात मला बोलावलं तेव्हा तारांवर गंज धरला होता. त्यात वाड्यातले आजोबा गेल्यापासून पियानोला कोणी हात लावलेला नव्हता, त्यामुळे स्वरही खूप उतरलेला. मी वर ओढायला सुरुवात केली आणि वरच्या सप्तकातल्या दोन तारा पाठोपाठ तुटल्या. आजी दारात उभ्या होत्या.

"जास्त ताण देऊ नका हो. ह्यांची एवढीच वस्तू राहिलीय. आपापसात जुळवून ठेवा म्हणजे झालं."

मला ते पटलं. आपल्याकडे षड्ज, म्हणजे सा, ठरलेला नसतो. बुवा काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला, गातात, बाई काळी चारला गातात, पेटीवाला त्यांच्या मागे जातो. स्वर आपापसात जुळलेले असले की गाणं होतं. खाली कुठंतरी थांबायचंच होतं, तर खोलीत आजींचा तानपुरा होता, मिरजेचाच, काळी चारला लावलेला. मी पियानोची पांढरी सहा, म्हणजे ए, त्या काळी चारला, म्हणजे जी शार्पला, आणून ठेवली. सेकंदाला ४४० कंपनांच्या जागी ४१५. बाकीचं सगळं त्या मापाने लावलं. तानपुऱ्याशी तो इतका छान मिळाला की आजींचे डोळे भरून आले.

चार वर्षांची नात तेव्हा आजींच्या मांडीवर होती. महिन्याभरात ती पियानोवर बसायला लागली.

वर्षातून दोनदा मी जात होतो. पाच वर्षांची असताना तिने अंगाईची चाल दोन्ही हातांनी वाजवून दाखवली, आणि सातव्या वर्षी बाख वाजवत होती. मिरजेहून एक मॅडम शिकवायला यायच्या, त्यांनीच मला सांगितलं, "दादा, मी शिकवत नाही, फक्त मागे पळतेय." दारातल्या सायकलची घंटा, कुकरची शिट्टी, गणपतीच्या देवळातला टोल, काहीही वाजलं की ही स्वर सांगायची. कान तसा लाभतो क्वचित कोणाला, आणि लाभला तर अगदी लहानपणीच बसतो. मी ते चार लोकांना कौतुकाने सांगायचो. शिट्टीला ती "डी" म्हणायची, तेव्हा एकदा फोर्क, ठरलेला स्वर देणारा चिमटा, काढून पाहिला असता तर मला तेव्हाच कळलं असतं. मी नाही पाहिला.

२०२५ च्या फेब्रुवारीत तिला मुंबईच्या एका ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायला मिळालं. मोझार्टचा तेविसावा पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना, ए मेजरमधला. १७८६ च्या मार्चमध्ये व्हिएन्नात त्याने तो पुरा केला. तीन भाग, आणि मधला संथ भाग एफ शार्प मायनरमध्ये. त्या पट्टीत मोझार्टने लिहिलेला हा एकच भाग. पोरीने सगळा पाठ केलेला. ऑर्केस्ट्राचं काम मॅडम कीबोर्डवर करायच्या. पियानो खाली आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्या कीबोर्डचं ट्रान्सपोज बटण, ज्याने सगळे स्वर वर-खाली सरकतात, उणे एकवर, म्हणजे अर्धा स्वर खाली ठेवायच्या. दोन्ही वाद्यं जुळायची, आणि कोणालाच काही खटकायचं नाही.

मुंबईतल्या पहिल्या तालमीचं तिच्या आईने, म्हणजे वहिनींनी, मला फोनवर सांगितलं. या कॉन्चेर्टोत पियानो लगेच येत नाही. आधी ऑर्केस्ट्रा बराच वेळ वाजवतो. तो सुरू होताच पोरगी वळून आईकडे बघायला लागली. "आई, हे दुसरंच वाजवतायत." तिची वेळ आली तेव्हा हात ए मेजरवर पडले आणि कानाला अर्धा स्वर वरचं बी फ्लॅट मेजर ऐकू आलं. पहिला भाग तिने बोटांच्या सवयीवर कसाबसा काढला. संथ भाग पियानो एकट्याने सुरू करतो, तिथं मागे लपायला ऑर्केस्ट्राही नाही. चार मापं वाजवून तिने हात मांडीवर घेतले ते घेतलेच. रडली नाही, म्हणे. नुसती पट्ट्यांकडे बघत राहिली. कंडक्टर समजूतदार होते. त्यांनी सगळ्यांना चहाला पाठवलं आणि आईला एकच विचारलं: घरचा पियानो बरोबर स्वरात आहे ना?

"भाऊजी, आता तो वर घ्याच," वहिनी म्हणाल्या. कार्यक्रमाला सहा आठवडे होते.

रविवारी सकाळी आठला मी वाड्यात गेलो. रात्रभर झोप लागली नव्हती. माझ्या हाताने ठेवलेला स्वर त्या पोरीच्या डोक्यात जगाचा स्वर होऊन बसला होता. त्यात तिची चूक काहीच नव्हती.

आधी धोका सगळ्यांना समजावून सांगितला. पियानोत सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, एकेकीवर सत्तर-ऐंशी किलोंची ओढ. स्वर अर्ध्याने वर गेला की ओढ जवळजवळ आठव्या हिश्शाने वाढते. सगळा हिशेब केला तर लोखंडी फ्रेमवर आणखी दोनेक टन. तारा जुन्या, गंजलेल्या. किती तुटतील सांगता येत नाही. खुंट्या ज्या लाकडी फळीत बसतात ती चिरली तर पियानो संपला.

सगळे आजींकडे बघायला लागले.

"तुटल्या तर तुटू देत," आजी म्हणाल्या. "ह्यांनी ते कुणाच्या वाजवण्यासाठीच घेतलं होतं."

पोरीला मी खाली जायला सांगितलं. ती गेली नाही. खिडकीत गुडघे पोटाशी घेऊन बसली.

गंजलेली तार थेट वर ओढायची नसते. आधी किंचित खाली सोडायची, म्हणजे टेकूपाशी गंजाने धरलेलं सुटतं, बारीक टक् असा आवाज येतो, मग वर. आणि हवी तिथं थांबायचं नाही, थोडी पुढे न्यायची. कारण शेजारच्या ओढल्या की आधीच्या परत खाली येतात. पहिला हात असा नुसता ओबडधोबड फिरतो. मी मधल्या सप्तकापासून सुरू केलं. दहाच्या सुमाराला वरची एक तार तुटली. बंदुकीसारखा आवाज होतो. पोरगी दचकली, पण जागची हलली नाही.

बाराच्या आसपास स्वर निम्म्या वाटेवर होता, ४२८ च्या आगेमागे. ना जुना, ना नवा. तिने दोन्ही कानांवर हात दाबले.

"काका, बास. आता कुठलाच स्वर नाहीये. सगळ्याची नावं गेली."

मी पाना खाली ठेवला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ज्याला स्वराचं नाव ऐकू येत नाही त्याला हे समजायचं नाही. मलाही ते पूर्ण समजतं असं मी म्हणणार नाही. घरातली प्रत्येक वस्तू कोणीतरी वीतभर सरकवून ठेवावी, अंधारात, तसं काहीतरी असावं.

आम्ही जेवलो. आमटी-भात तिने नुसता चिवडला. मग मी तिच्याशेजारी बसलो आणि जे माहीत होतं ते सांगितलं. हा ४४० कोणी वरून दिलेला नाही. फ्रान्सने १८५९ मध्ये कायदा करून ४३५ ठरवला होता, ४४० वर एकमत झालं ते १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत. मोझार्टच्या व्हिएन्नातला ए ४२० च्या जवळपास होता, म्हणजे तुझा पियानो मुंबईच्या पियानोपेक्षा मोझार्टच्या जास्त जवळचा. इथंच सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवलांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून एकेक स्वर मोजला, १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं. एवढा मोठा डेप्युटी कलेक्टर माणूस, त्यालाही स्वर कुठं असतो हा प्रश्न पडलाच ना.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण ते सगळे त्यांच्या ए ला आहेत आणि मी एकटी माझ्या."

याला माझ्याकडे एकच उत्तर होतं. "पियानो असला की ऑर्केस्ट्रा कोणाचा स्वर घेतो माहितेय? एरवी ओबो, ते फुंकायचं वाद्य, देतो. या कॉन्चेर्टोत मोझार्टने ओबो ठेवलेलेच नाहीत, क्लॅरिनेट आहेत. पण असते तरी चाललं नसतं, कारण पियानोचा स्वर ऐन वेळी बदलता येत नाही. म्हणून पहिला व्हायोलिनवाला उठून तुझ्या पियानोचा ए दाबतो, आणि सगळे त्याला लावतात. साठ माणसं तुझ्याकडे येतात. तू कुठं जात नाहीस."

"खरं?"

"खरं."

दुपारी मी तिला हाताखाली घेतलं. खर्ज सोडला तर एका पट्टीला तीन तारा असतात. दोन रबराच्या पाचरीने दाबायच्या, एक लावायची, मग पाचर काढून दुसरी पहिलीशी मिळवायची. दोन तारा अगदी थोड्या वेगळ्या असल्या की आवाज डोलतो, लहरी ऐकू येतात. एक ४४० आणि दुसरी ४३७ असली तर सेकंदाला तीन. जसजशी जवळ येते तसतशी लहर लांबते आणि मग पाणी निवल्यासारखी थांबते.

"नावं विसर," मी म्हटलं. "फक्त लहर ऐक. थांबली की सांग."

पेटीच्या कामात मला तीस वर्षं झाली. असा कान मी पाहिला नाही. मला जिथं लहर थांबल्यासारखी वाटायची तिथं ती मान हलवायची, "अजून आहे." मी केसभर पाना रेटायचो. "हां." आणि खरंच, फरक असायचा. तासाभराने तिच्या चेहऱ्यावर रंग आला. स्वराला नाव नसलं तरी तो जुळतो, हे तिच्या हाताला कळत होतं. पाचरी सरकवायचं काम तिने माझ्याकडून घेऊनच टाकलं. आणखी दोन तारा तुटल्या, पैकी एक खर्जातली, तांब्याची गुंडाळी असलेली. तशी माझ्याकडे नव्हती, ती पुण्याहून मागवावी लागली. फळी मात्र टिकली. दर अर्ध्या तासाने मी तिच्यावर टॉर्च मारून बघत होतो.

दिवेलागणीला फोर्क लावला. ४४०. मॅडम आल्या होत्या. त्यांनी कीबोर्डचं बटण उणे एकवरून शून्यावर आणलं आणि काही न बोलता बसल्या.

पोरीने संथ भाग सुरू केला. चौथ्या मापाला थांबली. पुन्हा सुरू केला. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा डोळे मिटून वाजवला, नेहमीपेक्षा खूप सावकाश, जणू पाय टाकायच्या आधी पायरी चाचपत होती. मॅडमचा हात पुढच्या मापासाठी उचललेला तसाच राहिला, आणि मग अगदी हळू त्या सामील झाल्या. आम्ही सगळे उभेच होतो. जिन्यात शेजारचे दोघंतिघं येऊन थांबले होते.

एवढा ओढलेला पियानो एका दिवसात ठरत नाही. आठवड्याभरात तो परत उतरला, मी पुन्हा गेलो, मग पंधरा दिवसांनी पुन्हा. प्रत्येक वेळी पाचरी तिच्याकडे.

कार्यक्रमाला मला जाता आलं नाही, लग्नसराईचं पेट्यांचं काम होतं. वहिनींनी आवाज पाठवला. सुरुवातीला सभागृहाची कुजबूज, खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि मग एकच पट्टी, ए. तिच्यावर एकेक करून व्हायोलिनं, क्लॅरिनेट, हॉर्न येऊन मिळतात. कॉन्चेर्टो मी दोनदा ऐकला. ती पहिली दहा सेकंद किती वेळा ऐकली ते मोजलं नाही.

जुलैत नेहमीप्रमाणे गेलो. पावसात लाकूड फुगतं आणि पियानो थोडा वर चढतो. मी पिशवी उघडायच्या आत ती म्हणाली, "काका, वर गेलाय." मीटर लावला, ४४२ च्या पुढे होता.

आजी शेजारच्या खोलीत तानपुरा घेऊन बसल्या होत्या. पाचरी आणायला पोरगी तिथून गेली, जाता जाता जोडीच्या, म्हणजे षड्जाच्या, तारेला बोट लावलं आणि सहज म्हणाली, "जी शार्प."

आजींचा हात थांबला.

"अगं, हा तुझा ए होता ना?"

पोरगी दारात उभी राहिली. परत आली, तार पुन्हा छेडली आणि ती विरेपर्यंत कान देऊन ऐकत राहिली.

"हो," ती म्हणाली. आणि आजींना टेकून बसली. मी पियानोचं झाकण उघडलं, पण काम लगेच सुरू केलं नाही.