पिक्चर्ड रॉक्स: एकदा कड्यावरून, एकदा पाण्यावरून

पहिल्या वर्षी आम्ही पिक्चर्ड रॉक्सला गेलो, सोळा किलोमीटर चाललो आणि ज्या रंगीत कड्यांसाठी साडेसहा तास गाडी चालवली होती, ते जवळजवळ न पाहताच परत आलो. चूक सर्वस्वी आमची होती. कोणती वाट कुठून जाते, हे आम्ही नकाशावर पाहिले होते. पण त्या वाटेवरून काय दिसेल आणि काय दिसणार नाही, याचा विचार केला नव्हता. पुढच्या वर्षी माझे आईवडील रत्नागिरीहून आले, तेव्हा हा सगळा बेत नव्याने आखावा लागला आणि तो बऱ्यापैकी जमला. मिशिगनमध्ये राहणारी किंवा आईवडिलांना उन्हाळ्यात इथे बोलावणारी अनेक मराठी कुटुंबे आहेत, त्यांना उपयोग व्हावा म्हणून दोन्ही फेऱ्यांचा अनुभव लिहीत आहे.

आम्ही डेट्रॉईटजवळ नोव्हाय येथे राहतो. पिक्चर्ड रॉक्स मिशिगनच्या उत्तर भागात, ज्याला इथे सगळे ‘यू.पी.’ म्हणतात त्या अपर पेनिन्सुलात, लेक सुपीरिअरच्या दक्षिण काठावर आहे. (आईने गावी फोन करून ‘आम्ही यूपीला चाललो आहोत’ असे सांगितले, तेव्हा मावशीने काशीला जाणार का, असे विचारले होते.) म्युनिसिंग आणि ग्रँड मरे या दोन छोट्या गावांच्या मधला सुमारे 67 किलोमीटरचा किनारा 1966 मध्ये राष्ट्रीय सरोवरकिनारा म्हणून संरक्षित करण्यात आला आणि अमेरिकेत असा दर्जा मिळालेला हा पहिलाच किनारा होय. त्यातील सुमारे 24 किलोमीटरच्या पट्ट्यात वालुकाश्माचे कडे थेट पाण्यातून उभे राहिले आहेत आणि काही ठिकाणी त्यांची उंची 60 मीटरपर्यंत जाते.

नोव्हायहून निघालो की 1957 साली खुला झालेला आठ किलोमीटर लांबीचा मॅकिनॉ पूल ओलांडून पलीकडे जायचे, मग लेक मिशिगनच्या काठाने पश्चिमेकडे आणि शेवटी उत्तरेला. सेनी ते शिंगल्टन हा पंचवीस मैलांचा रस्ता इतका सरळ आहे की चालकाला झोप येऊ नये म्हणून शेजारच्याने बोलत राहणे आवश्यक ठरते. थांबे धरून आम्हाला आठ तास लागले.

2022 च्या ऑगस्टमध्ये मी आणि माझे पती दोघेच गेलो होतो. त्याच वर्षीच्या मार्चपासून तिथे प्रवेशशुल्क सुरू झाले होते, एका गाडीला सात दिवसांसाठी 25 डॉलर, आणि त्याआधी प्रवेश विनामूल्य असल्यामुळे आम्ही ज्यांच्याकडे चौकशी केली त्यांच्यापैकी कोणालाच याची कल्पना नव्हती. चॅपल नावाच्या पायवाटेच्या वाहनतळाकडे जाणारा शेवटचा पाचेक मैलांचा रस्ता कच्चा आहे. गाडी खडखडत तिथे पोहोचलो आणि पासविषयीची पाटी वाचली. पास ऑनलाइन घेता येतो, परंतु त्या जंगलात मोबाईलला रेंज नव्हती. मी निघण्यापूर्वी संकेतस्थळ नीट वाचले असते तर घरबसल्या पास घेऊन तो फोनमध्ये उतरवून ठेवता आला असता. आम्ही आल्या वाटेने म्युनिसिंगला परत गेलो, माहिती केंद्रातून पास घेतला आणि पुन्हा चॅपलला आलो तोवर साडेदहा वाजून गेले होते आणि वाहनतळावर एकही जागा शिल्लक नव्हती. रस्त्याच्या कडेला गाडी लावू नये, असे स्पष्ट लिहिलेले होते. तो दिवस असाच गेला.

संध्याकाळच्या बोटीची तिकिटे होती, म्हणून फारसे वाईट वाटले नाही; पण दुपारी वारा उत्तरेकडून वाहू लागला आणि लाटांमुळे फेरी रद्द झाल्याचा निरोप आला. पैसे परत मिळाले. लेक सुपीरिअरला सरोवर म्हणायचे ते केवळ त्याचे पाणी गोडे आहे म्हणून. पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाचा विचार करता हे जगातील सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर आहे आणि त्याच्या लाटा पाहताना मला मिऱ्याच्या समुद्राचीच आठवण झाली. म्युनिसिंगच्या किनाऱ्यावर पाण्यात पाय घातले, तेव्हा ऑगस्ट महिना असूनही घोट्यांना कळ लागली. छोट्या कयाकमधून एकट्यादुकट्याने या कड्यांखाली जाऊ नये असे जे सांगतात, ते का, हे त्या गारव्यावरून समजले. उलटलेली होडी कड्यापाशी ओढून घेण्याला तिथे मैलोन्‌मैल काठच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही चॅपलच्या वाहनतळावर होतो. तिथून निघणारी सुमारे दहा मैलांची वर्तुळाकार वाट चॅपल धबधब्यावरून सरोवराच्या काठी उतरते, मग कड्याच्या माथ्यावरून पश्चिमेकडे मस्कीटो बीचपर्यंत जाते आणि जंगलातून पुन्हा वाहनतळाशी येऊन मिळते. चढउतार सह्याद्रीच्या मानाने काहीच नाहीत, मात्र झाडांच्या मुळांचे जाळे आणि चिखल यांमुळे चाल मंदावते. तिथे पिण्याच्या पाण्याची सोय नसल्यामुळे प्रत्येकी तीन लिटर पाणी घेतले होते आणि ते संपले. वाटेवरच्या किनाऱ्याचे नाव मस्कीटो असले तरी आम्हाला डासांनी नव्हे, तर वाळूवरच्या माश्यांनी छळले. दिसायला त्या घरमाशीसारख्या असतात, परंतु घोट्याला कडकडून चावतात आणि वारा दक्षिणेकडून असला की किनाऱ्यावर त्यांची झुंबड उडते. लांब मोजे घालणे हाच त्यावर खरा उपाय आहे.

या वाटेवर माझ्या मनात घर करून राहिला तो चॅपल रॉक. लाटांनी कोरून काढलेल्या, खांबांवर उभ्या असलेल्या या सुट्या खडकाच्या माथ्यावर व्हाइट पाइनचे एकच जुने झाड आहे. खडकावर मातीचा पत्ता नाही. पूर्वी हा खडक मुख्य कड्याला एका दगडी कमानीने जोडलेला होता आणि झाडाने आपली मुळे त्या कमानीवरून पलीकडच्या मातीत नेली होती. 1940 च्या दशकात कमान कोसळली, परंतु मुळे तुटली नाहीत. आज ती दोरखंडासारखी हवेत ताणलेली दिसतात आणि झाड त्यांच्यावरच जगते. आम्ही तिथे अर्धा तास बसलो. त्या मुळांवर किंवा खडकावर चढण्यास मनाई आहे, आणि ती पाळली जावी असे मनापासून वाटते.

त्यानंतर माथ्यावरून चालताना हळूहळू लक्षात आले की आपण ज्या रंगांसाठी आलो आहोत, ते आपल्या पायांखाली आहेत. वळणावर आले की पलीकडच्या कड्याची बाजू दिसते, खाली पाणी पाचूसारखे हिरवे दिसते, पण प्रसिद्ध छायाचित्रांतील तांबडे, नारिंगी, निळसर ओघळ आपल्या बाजूच्या भिंतीवर असतात आणि त्या भिंतीच्या माथ्यावर उभे राहून ते पाहणे शक्य नसते. ग्रँड पोर्टल पॉइंट या मोकळ्या, वाळूच्या टोकावर आम्ही थालीपीठ आणि लसणीची चटणी खाल्ली आणि काठाशी बसून खूप वेळ पाणी पाहिले. या बैठकीकडे मी पुन्हा येणार आहे.

2023 च्या ऑगस्टमध्ये आई-बाबा बरोबर होते. दोघेही सत्तरीच्या पुढचे आणि आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे दहा मैलांची वाट बाद झाली. या वेळी पास आधीच घेतला, तो फोनमध्ये उतरवला, शिवाय त्याची कागदी प्रतही काढून ठेवली. म्युनिसिंगमध्ये तीन रात्रींची खोली घेतली आणि बोटीची तिकिटे पहिल्याच दिवसाची काढली, जेणेकरून फेरी रद्द झाली तर पुढचे दोन दिवस हाताशी राहतील. किनाऱ्याजवळच्या वाऱ्याचा व लाटांचा अंदाज हवामान खाते रोज प्रसिद्ध करते, तो मी चार दिवस आधीपासून पाहत होते. बोटीची वेळ मुद्दाम दुपारनंतरची निवडली. हे कडे वायव्येकडे तोंड करून आहेत. सकाळी ते स्वतःच्याच सावलीत असतात आणि सूर्य पश्चिमेकडे कलल्यावरच त्यांच्यावर ऊन येते. अनेक जण सकाळची फेरी घेऊन ‘छायाचित्रांत दाखवतात तसे काही नाही’ असे म्हणतात, त्याचे हे एक कारण असावे.

सकाळी आम्ही माइनर्स कॅसल पाहायला गेलो. म्युनिसिंगपासून गाडीने वीसेक मिनिटांत पोहोचता येते, वाहनतळापासून दर्शनी कठड्यापर्यंत पक्की वाट आहे आणि आई काठीच्या आधाराने आरामात चालली. ज्येष्ठांना घेऊन येणाऱ्यांनी हे ठिकाण अवश्य निवडावे. किल्ल्याच्या बुरुजासारख्या या खडकाला पूर्वी दोन मनोरे होते. त्यांपैकी एक 13 एप्रिल 2006 रोजी पाण्यात कोसळला. बाबांना हे सांगितले तेव्हा त्यांनी उरलेल्या मनोऱ्याकडे संशयाने पाहिले. ते सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झालेले आहेत आणि कोणत्याही उभ्या गोष्टीकडे ती कधी पडेल, याच दृष्टीने पाहतात. जवळच्या किनाऱ्यावर उतरल्यावर त्यांनी एका सुट्या दगडावर अंगठा घासला, तर वाळूचे कण बोटाला लागून आले. सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूचे हे थर आहेत, असे मी माहितीपत्रकात वाचून दाखवले. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे याच्या पुढे अगदीच तरुण. ‘वयाने मोठा असेल, पण बांधकामाला उपयोगाचा नाही,’ असा शेरा मारून त्यांनी दगड जिथल्या तिथे ठेवला.

दुपारी वारा पडलेला होता आणि बोट वेळेवर सुटली. फेरी सुमारे अडीच तासांची असते. जाताना कडे उजव्या हाताला येतात, म्हणून आम्ही वरच्या मजल्यावर उजवीकडे जागा धरली. गावात उकडत असले तरी पाण्यावर बोचरा वारा लागतो, तेव्हा स्वेटर बरोबर हवाच. ग्रँड आयलंडच्या काठावरचे जुने लाकडी दीपगृह आणि सकाळी वरून पाहिलेला माइनर्स कॅसल मागे पडला, आणि मग भिंती सुरू झाल्या.

मी ज्याला चित्र समजत होते, त्याला बाबांनी ओल म्हटले. ‘पावसाळ्यात आपल्या गडग्याला पाणी सुटतं, तसं आहे हे,’ ते म्हणाले, ‘वीप होलमधून, म्हणजे भिंतीत निचऱ्यासाठी ठेवलेल्या भोकांतून, पाणी येतं आणि खाली डाग उतरतात. रंग कुठून सुरू होतात ते बघ.’ मी पाहिले. प्रत्येक ओघळ कड्यातील एका आडव्या फटीपासून सुरू होत होता. मूळ दगड फिकट, बदामी रंगाचा आहे. त्याच्या थरांमधून झिरपणारे भूजल बरोबर खनिजे घेऊन येते आणि पाणी वाळून गेल्यावर ती भिंतीवर राहतात. तांबडा व नारिंगी रंग लोहाचा, निळा व हिरवा तांब्याचा, तपकिरी आणि काळा मँगनीजचा. लोहाचा तो तांबडा रंग आम्हा कोकणातल्या माणसांना नवा नव्हता, कारण आमच्या घरांचे जांभे त्याच रंगाचे आहेत. परंतु हिरव्या-निळ्या पट्ट्यांच्या शेजारी उभा राहिलेला तो रंग ओळखायला मला बाबांची गरज पडली. ऊन तिरपे झाले तसे ओले पट्टे चकाकू लागले आणि कोरडे मंद राहिले, त्यामुळे पाणी आत्ता कुठे वाहते आहे आणि कुठे थांबले आहे, हेसुद्धा ओळखता येऊ लागले. आई मात्र या चर्चेत पडली नाही. ‘पैठणीचा काठ आहे अगदी,’ एवढेच म्हणून ती गप्प बसून पाहत राहिली.

चॅपल रॉकपाशी बोट थोडी संथ झाली आणि झाडाची ती ताणलेली मुळे पाण्यावरूनही दिसली. त्याआधी आम्ही ग्रँड पोर्टलजवळून गेलो होतो. माझ्या पतींनी हात वर करून आदल्या वर्षी आम्ही थालीपीठ खाल्ले होते ती जागा बाबांना दाखवली. खालून पाहिल्यावर कळले की त्या टोकाखालचा दगड लाटांनी आत आत पोखरून काढला आहे, मोठाल्या गुहा झाल्या आहेत आणि वरचा थर छज्जासारखा पाण्यावर पुढे आलेला आहे. काठापासून दूर राहण्याच्या पाट्या आम्ही तेव्हा वाचल्या होत्या आणि सगळे वाचतात तशाच वाचल्या होत्या.

बाबांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वर पाहिले.

‘तुम्ही दोघं त्याच्यावर बसला होतात?’

‘हो. तासभर.’

‘काठाशी?’

मी उत्तर दिले नाही. आईने पर्समधून सुपारी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि बोट पुढे गेली.