पंचवीस मिनिटांची फ्लाइट आणि माझा टीए (प्रवासभत्ता) बिलाचा कॉलम

भारताचं आर्क्टिकमधलं स्टेशन 'हिमाद्री' (२००८ पासून चालू आहे) नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये नी-ऑलेसुंदला, आणि तिथे पोचायचा शेवटचा टप्पा म्हणजे स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्येन, तिथून विमान. सरळ रेषेत साधारण ११० किमी, आपलं पुणे-सातारा म्हणा, फक्त मधे रस्ता नाहीच, नुसते डोंगर, हिमनद्या आणि फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधे आत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या. विमान डॉर्नियर २२८, दोन पंख्यांचं, आपल्याकडे एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कानपूरला बनवते तेच मॉडेल. ताशी चारशेच्या आसपास जातं, म्हणजे सतरा-अठरा मिनिटं नुसतं अंतर कापायला, वर चढणं-उतरणं धरून सगळे पंचवीस मिनिटं सांगतात.

जून होता. आमच्या कॉलेजच्या प्रोजेक्टचा डेटा लॉगर (मोजमापं आपोआप नोंदवणारी पेटी) बदलायला मी निघालो होतो. सामानाच्या वजनाचं फार काटेकोर असतं, म्हणून सगळ्या केबल्स आणि कनेक्टर जॅकेटच्या खिशात कोंबलेले, बसल्यावर बरगडीत टोचत होते. उडालो तेव्हा मस्त ऊन, खाली इसफ्योर्डचं पाणी चकाकतंय, मी फोटो काढतोय. नी-ऑलेसुंद ज्याच्या काठावर आहे तो कोंग्सफ्योर्ड जवळ आला तसा खाली सगळा पांढरा ढग, एकदम सपाट. तिथली धावपट्टी खडीची, जेमतेम आठशे मीटर, दिसल्याशिवाय उतरायचं कसं? पायलटने एक फेरी मारली, जरा खाली आला, खिडकीबाहेर दुधासारखं काहीतरी आणि बास, मग इंजिनाचा आवाज वाढला आणि आम्ही परत वर. कोणी काही बोललं नाही, समोरचा जर्मन बुवा तर पुस्तक वाचत होता, त्याला सवय असावी.

परत लाँगइयरब्येन! इथली धावपट्टी मोठी आहे, १९७५ पासूनची, पण पर्माफ्रॉस्टवर, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलेली, खालची जमीन वितळते तशी ती खचते म्हणून सारखी डागडुजी चालू असते. तिथेच खुर्चीत बसून राहिलो. एक बरं, जूनमध्ये सूर्य मावळतच नाही त्यामुळे अंधार पडेल ही भीती नाही, रात्री उशिरा ढग फाटल्यावर परत बोलावलं आणि यावेळी खरंच पंचवीस मिनिटांत उतरलो, चाकं खडीवर खडखड वाजली तेव्हा हायसं वाटलं.

पोचल्याचा मेसेज घरी टाकायला फोन काढला तर लगेच एकाने हटकलं. नी-ऑलेसुंदमध्ये वायफाय, ब्लूटूथ सगळं बंद ठेवावं लागतं, कारण तिथे क्वेसारचे (फार दूरच्या आकाशगंगांची तेजस्वी केंद्रं) अगदी क्षीण रेडिओ सिग्नल पकडणारे मोठे अँटेना आहेत. शेवटी लॅपटॉपला लॅन केबल लावून मेल टाकली. लॉगरमधला ब्लूटूथसुद्धा उघडून बंद करावा लागला, त्यातच सकाळ झाली.

पुण्यात आल्यावर टीए बिल भरताना त्या टप्प्यापुढे अंतर ११० किमी आणि वेळ सकाळी १० ते रात्री ११ असं लिहिलं, तर क्लार्क मॅडमचा फोन आला, "सर, हे बैलगाडीने गेलात का?"