तीन जुन्या ट्रान्समीटरची किंमत ठरवताना

अंबाजोगाईचे एक जुने हॅम (लायसन्स घेऊन हौसेनं रेडिओवर बोलणारे) काका गेले आणि त्यांच्या सेटची किंमत ठरवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या भागात लायसन्सही आहे आणि व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांच्या, सेटला हातही लावतो, अशी माणसं थोडीच. ट्रान्समीटर तीन होते: हीथकिटचा डीएक्स-६०, याएसूचा एफटी-१०१ई आणि काकांनी स्वतः बांधलेला, ८०७ नंबरच्या व्हॉल्व्हचा. त्यांच्या मुलानं नेटवर अमेरिकेतले भाव पाहून ठेवले होते. काकूंनी मात्र सरळ विचारलं, "ह्याचे किती यायलेत, तेवढं सांग बाबा."

डॉलरचे भाव इकडे लावून चालत नाहीत. तिकडचा हौशी माणूस नावाला पैसे मोजतो. कॉलिन्स कंपनीच्या एस-लाइन सेटवरचं चिन्ह पंखांचं आहे की गोल, यावरसुद्धा भाव हलतो. आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "फायनलला, म्हणजे अँटेनाकडे पॉवर देणाऱ्या शेवटच्या टप्प्याला, कोणते व्हॉल्व्ह, आणि ते मिळतात का?" गिऱ्हाईकही मोजकंच, कारण लायसन्सशिवाय ट्रान्समीटर बाळगता येत नाही.

हीथकिट दिसायला देखणा. पण तो किट म्हणून यायचा आणि घेणाऱ्यानं घरी बसून जोडायचा, त्यामुळे दोन डीएक्स-६० कधी सारखे नसतात. म्हणून आधी उलटा करून खालचं पाहिलं. सोल्डरचे डाग छोटे, चकचकीत. वायरी कोपऱ्यात काटकोनात वळवलेल्या. जोडणाऱ्याचा हात चांगला होता. फायनलला एकच ६१४६ व्हॉल्व्ह, जो अजून शोधला तर मिळतो. उणी बाजूही मोठी: फक्त एएम (जुन्या पद्धतीचं बोलणं) आणि सीडब्ल्यू (मोर्स), रिसीव्हर वेगळा लागणार, फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल किंवा व्हीएफओ वेगळा. शिवाय सेट अमेरिकन व्होल्टेजचा. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाऊन लावला तरी तिकडच्या ६० हर्ट्झवर चालणारा आतला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट थेट प्लगमध्ये खुपसला की जुने कंडेन्सर फुटू शकतात, म्हणून व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या डिमरस्टॅटवर हळूहळू चढवला. चालू झाला.

एफटी-१०१ई वर घरातल्यांचा जीव. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूरकडचे निरोप काकांनी याच सेटवरून पुढं दिले होते. हा सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतो, त्यामुळे लाइट गेली तरी काका हवेत (ऑन एअर) असायचे. मुलानं यालाच सगळ्यांत जास्त किंमत धरली होती. मी अँटेनाच्या जागी डमी लोड लावला, व्हॉल्व्ह गरम होऊ दिले आणि रेस्टिंग करंट, म्हणजे न बोलता फायनलमधून वाहणारा करंट, पाहिला. तो ६० मिलिअँपिअरवर बसायला हवा. हा करंट ठरवणारा बायसचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी काटा चाळिसाच्या पुढं सरकेना. दोन्ही फायनल थकलेले. आणि हे ६जेएस६सी व्हॉल्व्ह मुळात जुन्या टीव्हीसाठी बनलेले. टीव्हीतून व्हॉल्व्ह गेले तसे हेही गेले. माझ्या केनवूड टीएस-५२० मध्ये ६१४६ बी चालतात, म्हणून त्याला चार पैसे जास्त येतात. नाहीतर ऐकायला मला याएसूच गोड वाटतो, आणि त्यात एएमही आहे. हिशेब असा केला: चालू सेटची किंमत, वजा फायनल व्हॉल्व्हच्या एका जोडीचे पैसे. मुलाचा चेहरा पडला, पण मीटर त्यालाही दिसत होता.

राहिला ८०७ चा. त्याला नाव नाही, मॉडेल नंबर नाही. घरी वाकवलेली ॲल्युमिनियमची चासी, आवाज लहरींवर चढवणारा, हातानं गुंडाळलेला मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर, आणि झाकणाच्या आत काकांच्या पेन्सिलीत लिहिलेलं प्रत्येक बँडचं ट्यूनिंग. अखंड विकला तर कुणी फारसं देणार नाही. सुटा केला तर ट्रान्सफॉर्मर, व्हेरिएबल कंडेन्सर आणि व्हॉल्व्ह मिळून बऱ्यापैकी येतात. हे मी काकूंना दोन्ही बाजूंनी सांगितलं. मोडायचं म्हटल्यावर त्या गप्पच झाल्या.

हीथकिट हैदराबादच्या एका हॅमनं नेला, एफटी-१०१ई परभणीला गेला. दोघांच्या लायसन्सची झेरॉक्स काकूंकडे ठेवायला लावली. ८०७ चा मलाच हवा होता, पण किंमत मीच ठरवायची आणि मीच घ्यायचा, हे बरं दिसेना. नांदेडच्या एका हॅम मित्राला बोलावून त्याच्याकडून आकडा काढून घेतला. त्यानं माझ्या अंदाजापेक्षा जास्त सांगितला. तेवढे दिले.