वरच्या मजल्यावरचे सुपरवायझर

स्मरणिकेसाठी लिहायचं तर कुणी बक्षीस समारंभ आठवेल, कुणी स्नेहसंमेलन. मला आठवतं ते आपल्या कॉलेजचं भूत.

जुन्या इमारतीत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेवर परीक्षेचा हॉल होता. परीक्षा नसली की त्याला कुलूप. तरी अंधार पडला की वर पावलं वाजायची. टक्... टक्... आधी भराभर, मग रेंगाळत. आम्ही त्यांना ‘सुपरवायझर’ म्हणायचो. ते मेले कसे, यावर मात्र एकमत नव्हतं. कलावाले प्रेमभंग सांगत, विज्ञानवाले ॲसिड आणि वाणिज्यवाले अफरातफर. वसतिगृहात नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात ही कथा मिळायची आणि पुढच्या वर्षी ती सांगायचा हक्कही.

बाकीची भुतं किरकोळ. जिन्यावरची पांढरी बाई म्हणजे गव्हाणी घुबड होतं. पोटाकडून पांढरंफटक, उडताना पंखांचा आवाज नाही आणि ओरडणं असं की काळजाचा ठोका चुकावा. छातीवर बसणारं भूत माझ्याही खोलीत येऊन गेलं. झोपेतून मेंदू जागा होतो, पण शरीराचा लुळेपणा काही क्षण तसाच राहतो, हे फार नंतर वाचलं. त्या रात्री वाचलं असतं तरी मी दिवा लावूनच झोपलो असतो.

सुपरवायझरांची गोष्ट एकदा प्रॅक्टिकलला निघाली. सर हसले नाहीत. “भूत आहे की नाही ते मरू दे. वाजतं कधी?” म्हणाले आणि आम्हा चौघांच्या हाती वही आणि थर्मामीटर दिला. तीन आठवडे आम्ही जिन्याखाली बसून वेळ आणि तापमान लिहिलं. निरभ्र रात्री पावलं हमखास, ढगाळ रात्री शुकशुकाट. मग सरांनी फळ्यावर हिशेब मांडला. पत्र्याखालची दहा मीटरची लोखंडी तुळई 15 अंशांनी निवली की जेमतेम 2 मिलिमीटर आखडते. सांधा ताण धरून बसतो आणि एकदम सुटतो, टक्. सूर्यास्तानंतर निवणं झपाट्यानं होतं, पुढे मंदावतं, म्हणून साहेब रात्री ‘दमायचे’. ढग असले की छपराची उष्णता सहज निसटत नाही.

विक टँडी या इंग्रज अभियंत्यानं आपल्या प्रयोगशाळेतल्या भुताचा माग असाच काढला आणि 1998 साली त्यावर लेख लिहिला. खोलीतल्या अस्वस्थपणाचं खापर त्यानं पंख्याच्या सुमारे 19 हर्ट्झच्या, कानाला न कळणाऱ्या कंपनांवर फोडलं. तो लेख वाचताना मला आमचा जिना आठवला. आमच्या वहीला लेखाचं भाग्य नव्हतं.

शिवाय तिच्यात एक नोंद खटकत होती. पूर्ण ढगाळ रात्र, तापमान जागच्या जागी आणि तरी अकरा पावलं, स्वच्छ. मी ती ओळ खोडायला निघालो तेव्हा सरांनी पेन धरलं. “नोंद खोडायची नाही. कारण सापडलं की शेजारी शेरा लिहायचा.”

परवा महोत्सवाच्या तयारीला चौघं भेटलो. चहा घेता घेता चौथा म्हणाला, “त्या रात्री मीच होतो रे वर. किल्ली शिपायाकडून आणली होती.” तीस वर्षं गप्प बसला होता लेकाचा!

वही आता कुठे आहे, कुणास ठाऊक. सर, तो शेरा इथे लिहितो आहे.